चाळणीतला नारिंगी खवला

१

काल्करोड्याच्या मत्स्यमंडळाचे अध्यक्ष हार्टविग श्ट्रोबेल यांच्या बैठकीच्या खोलीतल्या टाकीत मंगळवारी सकाळी दोन मासे मेलेले सापडले. उरलेले चार पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. रविवारच्या मत्स्यबाजारात घेतलेले इंद्रधनू मासे होते ते, पुढचं अर्धं अंग निळं आणि मागचं नारिंगी. आता निळाही विटला होता आणि नारिंगीही.

रोझविता त्सॉयनर टाकीसमोर स्टूल ओढून बसली. विमा कंपनीत तिनं आयुष्यभर नुकसानीची चौकशी केली होती. जळालेली कोठारं, गारांनी फुटलेली काचघरं, बुडालेली तळघरं, सगळं तिनं पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर मंडळानं आजारी माशांचं खातं तिच्या गळ्यात बांधलं, कारण तिला बोलतं करता येत नाही असा माणूस अजून गावात निपजायचा होता.

"चौकशी कसली करतेस?" हार्टविग म्हणाला. "गेर्नोटनं रोगट माल दिला. मेख्टिल्डकडेही हेच चाललंय. शुक्रवारी सभा आहे, त्यात त्याला मंडळातून काढायचा ठराव मी मांडणार."

"काढ की. पण आधी बघू तरी दे. रोग कुठला ठरवलास?"

"पांढरे ठिपके, दुसरं काय! निळं औषध घातलंय, हीटर वाढवलाय."

"ठिपके कुठे दिसले तुला?"

"अजून नाहीत. येतील."

रोझवितानं मेलेला मासा बशीत घेतला आणि भिंगाखाली धरला. एकही ठिपका नव्हता. शेपटी कुजलेली नव्हती, खवले जागच्या जागी होते. तिनं चिमट्यानं कल्ल्यावरचं झाकण उचललं. आतले कल्ले लालभडक होते आणि कडांना भाजल्यासारखे पांढरे पडले होते.

"पाण्यात सोडताना काही गडबड?"

हार्टविग दुखावला. "मला विचारतेस? थेंबपद्धत मंडळाला शिकवली कुणी?"

ते मात्र खरं होतं. नवे मासे पिशवीच्याच पाण्यात बादलीत ठेवायचे, वर नळी टांगायची आणि घरच्या टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं, देवळातल्या अभिषेकपात्रासारखं, दोन तास त्यात पडू द्यायचं. म्हणजे माशांना नव्या पाण्याचा धक्का बसत नाही. दर वर्षी हार्टविग याचं प्रात्यक्षिक देई आणि दर वर्षी कुणीतरी घोरत असे.

निघताना रोझविताची नजर बाल्कनीकडे गेली. हार्टविगनं रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. फेकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. एका पिशवीच्या तोंडाला बांधलेल्या पट्टीचा तुकडा अजून चिकटून होता. रोझविता थबकली. ती पांढरी, दवाखान्यातली चिकटपट्टी होती, आणि गेर्नोटनं जन्मात कधी पिशवी चिकटपट्टीनं बांधली नव्हती.

२

गेर्नोट बीलरच्या तळघरात पाय ठेवला की चष्म्यावर वाफ धरत असे. भिंतीभर टाक्या होत्या आणि टाक्याटाक्यांतून इंद्रधनू झळकत होते. त्याच्या बापानं सुरू केलेली पैदास होती ही, सरकारं बदलली तरी न मोडलेली.

रोझविता प्रत्येक टाकीपुढे वाकली. एकही मासा धापत नव्हता, एकाचाही पर मिटलेला नव्हता. नर एकमेकांना रंग दाखवत मिरवत होते.

"बघितलंस?" गेर्नोट म्हणाला. तो आरामखुर्चीत बसला होता, मांडीवर मांजर होतं आणि उजवा हात मांजराखाली. "पण मी हे कुणाला सांगत बसणार नाही. शुक्रवारी त्यांनी हात वर केले, की मी सगळ्या टाक्यांत क्लोरीन ओतणार. आणून ठेवलंय."

दाराशी खरोखरच डबा होता.

"वेडा आहेस का? या माशांनी काय घोडं मारलंय?"

"रोगट पैदास म्हणून नाव झालं की घेणार कोण? माझ्यामागे हे विकायचे म्हणून कुणी पाण्याच्या भावानं उचलील. त्यापेक्षा माझ्या हातानं गेलेले बरे."

"पिशव्या कधी भरल्यास?"

"रविवारी सकाळी," तो टाकीकडे बघत म्हणाला. "दरवर्षीसारख्या."

"तूच?"

"मग काय मांजरानं?"

रोझवितानं कॉफी ओतली, कारण त्यानं तिला ओतायला सांगितली. हे नवलच होतं. गेर्नोटच्या घरी पाहुण्याला किटलीला हात लावायची बंदी असे. तिनं केकचा तुकडा त्याच्यापुढे केला, तोही त्यानं डाव्या हातानं घेतला. भिंतीवरच्या खिळ्याला लाल रबरांची जुडी टांगलेली होती. पिशवीचं तोंड पिळून हंसाच्या मानेसारखं दुमडायचं आणि दोन लाल रबरं चढवायची, ही गेर्नोटची सही होती. जुडीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

ते कोळ्याचं जाळं रविवारपेक्षा कितीतरी जुनं होतं.

३

मेख्टिल्ड चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. तिच्या स्वैपाकघरातली टाकी आता हिरव्यानिळ्या शाईच्या दौतीसारखी दिसत होती. तीन औषधांच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

"अगं, एक ठिपक्यांचं, एक बुरशीचं आणि एक कशाचं ते आठवत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "पण दुकानदार म्हणाला, हे घातलंत तर अपाय नाही."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मेख्टिल्ड, मला विचारल्याशिवाय आता पाण्यात काही टाकायचं नाही. मिठाचा खडाही नाही."

मासे पाचही जिवंत होते, पण पाण्याच्या वरच्या कडेला लटकल्यासारखे. एक तर आडवाच झाला होता.

"पिशवी उघडलीस तेव्हापासून सांग. घाईनं नको, आणि नीट लावूनही नको. जसं आठवेल तसं."

"उघडली आणि नाक दाबलं. काय वास! गाडीतळावरच्या मुतारीसारखा. मासे मात्र छान होते, आत फिरत होते. मग मी थेंबपद्धत केली, हार्टविगनं सांगितली त्याहून हळू. म्हटलं, जिवाची काळजी घ्यावी. सराव करत बसले, संबंध प्रार्थनासंगीत दोनदा वाजवून झालं, तरी थेंब चालूच."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर ते बादलीतच धापायला लागले. टाकीत सोडायच्या आधीच."

रोझवितानं मान वर केली. हे हार्टविगनं सांगितलं नव्हतं.

"अजून एक," मेख्टिल्ड दबक्या आवाजात म्हणाली. "दरवर्षी गेर्नोट बाजारातच टाकीतून मासे पकडून आपल्यासमोर पिशवी बांधतो ना? यंदा खोकं भरून तयारच आलं. ते टिलोच्या खानावळीतल्या कोठीत ठेवलेलं होतं, बिअरच्या नळ्या धुवायचं ते जहाल औषध असतं ना, त्याच्या शेजारी. आणि टिलोचे मासे अगदी ठणठणीत आहेत, रोझी. एकट्या टिलोचे."

४

टिलोच्या खानावळीत दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्याची टाकी काउंटरमागे होती, मोहरीच्या बरण्यांच्या शेजारी, आणि तिच्यात चार इंद्रधनू लग्नघरच्या पोरांसारखे धावत होते. बाजार खानावळीच्या सभागृहातून दुसरीकडे न्यायचं हार्टविगच्या मनात होतं, तेव्हापासून टिलो त्याला पाण्यात पाहत होता. गावाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

"मी विष घातलं, असं म्हणायचंय ना सगळ्यांना?" टिलो पेला पुसत म्हणाला. "म्हण बाई. पोटॅटो सॅलड देऊ? म्हणता म्हणता खाशील."

"दे. मासे कसे सोडलेस?"

"कसे म्हणजे? थेंबाथेंबानं. अध्यक्षांनी सांगितलंय तसं. दोन तास."

"रविवारी संध्याकाळी? सभागृह भरलेलं, तू एकटा काउंटरवर, आणि दोन तास नळी धरून बसलास?"

"तसंच," टिलो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

रोझविता सॅलड खात राहिली. खोटं बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, त्याला गप्प बसून राहायचा कंटाळा येऊ द्यायचा असतो. तिची नजर टाकीवरून भिंतीवर गेली. तिथे शेवया निथळायची पत्र्याची चाळणी टांगलेली होती. रोझविता उठली, चाळणी काढून उजेडात धरली. जाळीच्या एका भोकात नखाएवढं काहीतरी अडकलं होतं. नारिंगी, चमकणारं.

"टिलो, तुझ्या शेवयांना खवले असतात का रे?"

टिलोनं पेला खाली ठेवला. "हार्टविगला सांगू नकोस. सगळ्यांपुढे माझी बिनपाण्यानं करील तो. पिशवी कापली, पाणी चाळणीतून मोरीत ओतलं, मासे टाकीत. एवढंच. घाणेरडा वास येत होता त्या पाण्याला, ते कशाला माझ्या टाकीत घेऊ? हलगर्जीपणा केला, कबूल. पण विष नाही."

रोझविता चाळणीकडे बघत उभी राहिली. ज्यानं सगळ्यांत कमी काळजी घेतली त्याचे मासे जगले होते. जिनं सगळ्यांत जास्त घेतली, तिचे मरायला टेकले होते. दुखणं पिशवीतल्या पाण्यात होतं. पण पिशवी बंद असताना मासे मजेत होते, हेही तितकंच खरं.

"खोकं तुझ्याकडे कधी आलं?"

"शनिवारी सकाळी."

"रविवारी, म्हणायचंय तुला."

"शनिवारी, बाई. पिंपं उतरवत होतो मी. आणि ते गेर्नोटनं आणलंच नाही. एक बाई गाडीतून आली, ठेवून गेली. घाईत होती, चेहराही नीट दिसला नाही. अंगात परिचारिकेचा पांढरा पोशाख होता."

५

गेर्नोटची मुलगी आंके एरफुर्टच्या इस्पितळात परिचारिका होती. रोझवितानं तिला फोन लावला आणि दवाखान्यातल्या चिकटपट्टीबद्दल विचारलं.

"बाबांनी शपथ घातली होती," आंके म्हणाली. "त्यांचा उजवा हात थरथरतो. वसंतापासून. आता पिशवी पिळता येत नाही. बाजारात सगळ्यांसमोर कशी बांधणार? म्हणून मी शुक्रवारी कामावरून आले आणि रात्रीच भरल्या. इस्पितळात करतात तसं सगळं केलं, मावशी. ऑक्सिजन भरपूर घातला. पट्टी पक्की लावली. सकाळी जाता जाता खोकं ठेवलं. माझं काय चुकलं?"

"काही नाही गं. तुझ्या ऑक्सिजननंच तर जगले ते."

फोन ठेवला आणि रोझवितानं कोट चढवला. कोडं सुटलं होतं, पण मेख्टिल्डचा आडवा मासा त्याची वाट बघत बसणार नव्हता. ती थेट तिथे गेली. शाईसारखं झालेलं निम्म्याहून अधिक पाणी काढून टाकलं, तेवढ्याच उबेचं स्वच्छ पाणी घातलं, उरलेलं औषध शोषून घ्यायला गाळणीत कोळसा भरला, हवेचा पंप जोरात सोडला, हीटर थोडा उतरवला.

"आणि औषध?" मेख्टिल्डनं विचारलं.

"हेच औषध. भाजलेल्या माणसाला आपण मोहरी चोळतो का? यांचे कल्ले भाजलेत. खायला घालू नकोस, रोज थोडं पाणी बदल, आणि ऑर्गन वाजव." मग तिनं हार्टविगला फोन करून तेच करायला फर्मावलं. कारण सांगितलं नाही. तो कुरकुरला, पण त्यानं केलं. माशांवर त्याचं खरंच प्रेम होतं.

गेर्नोटकडे ती सगळ्यांत शेवटी गेली. तिनं ऐकवलं ते त्यानं मांजर कुरवाळत ऐकलं.

"आंकेचं नाव सभेत येता कामा नये," तो म्हणाला. "आणि माझ्या हाताचंही नाही."

"मग मी काय सांगू? मासे दोन दिवस पिशवीत होते हे सांगितल्याशिवाय काही उलगडत नाही. ते सांगितलं की लोक विचारणारच, का होते."

"नको सांगूस."

"आणि क्लोरीन?"

गेर्नोटनं मान टाक्यांकडे फिरवली. रोझविताला रडू आणि राग एकदमच आले. "गेर्नोट, तुझ्या परवानगीशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण एक हात लपवायला तू एवढे मासे मारणार असशील, तर हार्टविगपेक्षा तूच मोठा मूर्ख." असं म्हणून ती जिना चढून गेली. दाराजवळचा डबा तिनं पायानं बाजूला सारला, उचलायचं धाडस झालं नाही.

६

शुक्रवारी टिलोच्या सभागृहात झाडून सगळे जमले. गेर्नोट मागच्या रांगेत बसला होता, हात कोटाच्या खिशात. हार्टविगनं ठराव वाचायला चष्मा लावला.

"आधी मला बोलू दे," रोझविता उठून म्हणाली. "मेख्टिल्ड, मासे कसे आहेत?"

"पाचही पोहतायत!" मेख्टिल्ड ओरडलीच. "आडवा झालेला सुद्धा. आज सकाळी खायला मागत होता."

"हार्टविग, तुझे?"

"चौघं सुधारतायत," हार्टविग नाइलाजानं म्हणाला. "औषध काढल्यापासून."

"साथीचा रोग स्वच्छ पाण्यानं असा जात नाही. हा रोगच नव्हता. आता नीट ऐका, आणि घोरू नका. मासा बंद पिशवीत श्वास सोडतो, त्यानं ते पाणी सोड्याच्या बाटलीसारखं आंबट होतं. तो तिथेच घाणही करतो, त्यातून अमोनिया तयार होतो. पण आंबट पाण्यात तो अमोनिया झोपलेला असतो, माशाला डसत नाही. म्हणून पिशवी उघडली तेव्हा मेख्टिल्डचे मासे छान होते. बाटलीचं बूच काढलं की काय होतं? वायू उडून जातो, आंबटपणाही जातो. वर आपलं गावचं चुनखडीचं पाणी, किटलीवर पांढरा थर देणारं. ते थेंबाथेंबानं घातलं की उरलासुरला आंबटपणा मरतो. अमोनिया जागा होतो, आणि मासे दोन-दोन तास त्याच बादलीत. अति तिथे माती म्हणतात, ते हेच. टिलोनं ते पाणी चाळणीतून मोरीत ओतलं, म्हणून त्याचे वाचले."

"चाळणीतून?" हार्टविग उद्गारला.

"बसा अध्यक्षमहाशय, त्याचं नंतर."

हार्टविगचा चेहरा उतरला होता. "पण थेंबपद्धत मी वीस वर्षं शिकवतोय. एकदाही असं झालं नाही."

"कारण दरवर्षी पिशवी बाजारातच बांधली जायची आणि तासाभरात उघडली जायची. तेवढ्यात घाण साचत नाही. तुझी पद्धत ताज्या पिशवीला चांगलीच आहे. ही पिशवी ताजी नव्हती."

"का नव्हती?" कुणीतरी विचारलं. "बांधली कधी? कुणी?"

रोझविता खाली बसली. ती मागच्या रांगेकडे पाहतही नव्हती. तिनं शब्द दिला होता. सभागृहात कुजबुज वाढली. हार्टविगनं पुन्हा कागद उचलला.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. गेर्नोट उभा राहिला, त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता.

"शुक्रवारी रात्री. माझ्या मुलीनं," तो म्हणाला. "तिनं मायेनं केलं. मी लाजेनं लपवलं. या हातानं आता पिशवी बांधता येत नाही. बाकी माझे मासे धडधाकट आहेत. तुमचा ठराव झाला असता, तर आज मी त्यांच्यावर क्लोरीन ओतणार होतो."

मेख्टिल्ड उघडउघड रडत होती. हार्टविगनं ठरावाच्या कागदाची घडी घातली, परत घातली, आणि आणखी लहान होईना तेव्हा खिशात कोंबली. मग तो रांगांमधून चालत मागे गेला.

"मीच मारले तर," तो गेर्नोटला म्हणाला. "प्रात्यक्षिकासकट."

"दोघांनी मिळून मारले," गेर्नोट म्हणाला. "तू हळू केलंस, मी लवकर."

"क्लोरीनचा डबा कुठाय?"

"दाराशी."

"तो मी आजच घेऊन जातो. माझ्या पोहण्याच्या हौदाला लागतो," हार्टविग म्हणाला. त्याच्याकडे हौद नव्हता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षीच्या बाजारात गेर्नोट पुन्हा आपल्या टाकीमागे उभा होता. रांग दारापर्यंत गेली होती. आंके जाळीनं मासे पकडत होती, हार्टविग दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आवळून धरत होता, आणि गेर्नोट त्याच्या बोटांवरून ते पिळून दुमडत होता. हंसाची मान जरा वाकडीच होई, पण लाल रबरं दोन चढत आणि पाण्याचा थेंब गळत नसे.

शेवटची पिशवी हार्टविगनं स्वतःसाठी घेतली, मेलेल्या दोघांच्या जागी. टिलोनं काउंटरवरून हाक मारली, "अध्यक्ष, चाळणी देऊ का?"

सगळे हसले. हार्टविग हसला नाही. तो काउंटरपाशी गेला आणि त्यानं चाळणीसाठी हात पुढे केला.